मोटारीतील विद्युत इंधनपंप व त्याची तारजोडणी : दोषशोधनाची शास्त्रीय पद्धती

गोषवारा : पेट्रोलवर चालणारी मोटार बंद पडली की संशयाची सुई बहुधा इंधनपंपाकडे वळते आणि पुष्कळदा पूर्ण तपासणीविना तो बदलला जातो. वस्तुतः पंपाला वीज पुरविणाऱ्या मार्गातील एखादा सैल वा गंजलेला सांधाही हुबेहूब पंपाच्या बिघाडासारखी लक्षणे दाखवितो. हा सांधा साध्या मल्टिमीटरने का सापडत नाही व कोणत्या मोजणीने सापडतो, याचे विवेचन नागपूरच्या हवामानाच्या संदर्भात प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : इंधनपंप, विभवांतर, रोध, रिले, अर्थ, दोषशोधन.

प्रस्तावना

चालती मोटार एकाएकी बंद पडावी, अर्धा तास सावलीत उभी केल्यावर जणू काही झालेच नाही अशी पुन्हा सुरू व्हावी आणि चार-सहा किलोमीटरवर परत तोच प्रकार घडावा, हा अनुभव विदर्भातील उन्हाळ्यात अनेक वाहनधारकांना येतो. मे २०१३ मध्ये नागपूरचे तापमान ४७.९ अंश सेल्सिअसपर्यंत गेले होते. अशा उन्हात तापलेल्या रस्त्याच्या वर वीतभर अंतरावर पेट्रोलची टाकी असते, आणि त्या टाकीत बुडालेला एक लहानसा विद्युत पंप इंजिनाला इंधन पुरवीत असतो.

जुन्या पिढीतील चालकांना हा प्रकार वेगळ्या रूपात परिचित आहे. ॲम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनी आणि १९८३ पासून रस्त्यावर आलेली कार्बोरेटरची मारुती ८०० या गाड्यांत यांत्रिक पंप इंजिनालाच जोडलेला असे. तो टाकीतून पेट्रोल ओढून घेई. ओढताना नळीतील दाब कमी होतो आणि कमी दाबाखाली पेट्रोलची वाफ लवकर होते. इंजिनाच्या उष्णतेने ही वाफ नळीत अडकली की पेट्रोल येणे थांबे. चालक पंपावर ओले फडके ठेवीत आणि गाडी सुरू होई. हा उपाय भाबडा नव्हता. त्यामागे भौतिकशास्त्र होते.

पुढे परिस्थिती पालटली. जर्मनीच्या बॉश कंपनीने इलेक्ट्रॉनिक इंधन-अंतःक्षेपणाची प्रणाली विद्युत पंपासह १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० या गाडीत आणली होती. आपल्याकडे १ एप्रिल २००० पासून प्रदूषणाचे नवे निकष देशभर लागू झाले आणि एमपीएफआय इंजिने सर्वसामान्यांच्या गाड्यांत आली. पंप टाकीत गेला. तो आता पेट्रोल ओढत नाही, ढकलतो. दाबाखालील पेट्रोल सहजासहजी उकळत नाही, त्यामुळे वाफ अडकण्याचा जुना विकार बराच कमी झाला. परंतु बॉनेट उघडून पाणी शिंपडण्याची सवय मात्र काही ठिकाणी अजून टिकून आहे. पंप मागच्या सीटखाली असताना पाणी पुढे शिंपडले जाते, हे पाहून गंमत वाटते.

पंपाची रचना व विजेचा मार्ग

हा पंप म्हणजे कायम चुंबक असलेली एक लहान डी.सी. मोटर होय. तिच्या आसावर बसविलेले चक्र पेट्रोलला गती देते. पेट्रोल मोटरच्या आतूनच वाहते व तिला थंड ठेवते. विजेवर चालणारी मोटर पेट्रोलमध्ये बुडवून ठेवणे धोक्याचे नाही काय, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. पंपाच्या आत ज्वलनास आवश्यक तेवढी हवाच नसते, म्हणून तेथे आग लागत नाही. टाकीच्या बाहेर, जेथे पेट्रोलची वाफ हवेत मिसळते, तेथे मात्र खरा धोका असतो. नेहमीच्या एमपीएफआय गाड्यांत हा पंप साधारणतः अडीच ते चार बार इतका दाब निर्माण करतो व त्यासाठी सुमारे तीन ते आठ अँपिअर विद्युतधारा घेतो.

आता विजेचा मार्ग पाहू. बॅटरीच्या धन टोकापासून निघालेली वीज मुख्य फ्यूज, पंपाचा फ्यूज आणि पंपाचा रिले यांतून जाते, पायदानाच्या कडेने गालिच्याखालून मागे येते, टाकीवरील कपलरमध्ये शिरते आणि पंपातून बाहेर पडून 'अर्थ'च्या तारेने गाडीच्या पत्र्याला मिळते. तेथून पत्र्यामार्गे ती बॅटरीच्या ऋण टोकाला परत येते. परतीचा हा मार्गही तितकाच महत्त्वाचा आहे, आणि दोषशोधनात नेमके त्याकडेच दुर्लक्ष होते.

रिलेचे नियंत्रण इंजिनाच्या संगणकाकडे असते. किल्ली फिरविताच तो पंप सुमारे दोन सेकंद चालवितो. त्या अवधीत इंजिन फिरत असल्याचा संकेत मिळाला नाही, तर पंप बंद करतो. अपघातात इंजिन थांबले आणि नळी फुटलेली असली, तरी पंपाने पेट्रोल फवारीत राहू नये, हा त्यामागील हेतू आहे. फोर्ड व फियाट यांच्या काही गाड्यांत याशिवाय धक्का बसताच पंपाचा पुरवठा तोडणारा स्वतंत्र स्विच असतो. मोठ्या खड्ड्यातही तो कधी कधी पडतो, आणि केवळ बटण दाबून पूर्ववत होणारी गाडी ओढून गॅरेजमध्ये नेली जाते.

किल्ली फिरविल्यावर टाकीकडून येणारी दोन सेकंदांची गुणगुण हे दोषशोधनाचे पहिले साधन आहे. गुणगुण मुळीच नसेल तर फ्यूज, रिले, कपलर व पंप या क्रमाने शोध घ्यावा. रिलेचा 'टक' असा आवाज आला म्हणजे रिले ठीक, असे समजू नये. आवाज कॉइलचा पुरावा देतो, संपर्कबिंदू जळलेले आहेत की नाहीत हे सांगत नाही. त्याच प्रकारचा दुसरा रिले, उदाहरणार्थ हॉर्नचा, त्या जागी लावून पाहणे हा सोपा उपाय आहे. फ्यूज वारंवार उडत असेल तर तार कोठेतरी सोलवटून पत्र्याला लागली आहे किंवा पंप अडकून बसला आहे. अशा वेळी फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणे म्हणजे पेट्रोलच्या टाकीकडे जाणाऱ्या तारेचे संरक्षण काढून टाकणे होय.

मल्टिमीटर बारा व्होल्ट दाखवितो, तरीही

गुणगुण येते, पण गाडी ओढत नाही. मोकळ्या रस्त्यावर बरी चालते, पण वातानुकूलन सुरू ठेवून वर्धा मार्गावरील उड्डाणपुलाचा चढ घेताना गचके देते. मेकॅनिक टाकीवरील कपलर काढतो, मल्टिमीटर लावतो, बारा व्होल्ट दिसतात आणि तो म्हणतो, "सप्लाय बरोबर आहे, पंपच गेला." येथे निष्कर्षाची घाई होते, ती कशी ते पाहू.

ओहमच्या नियमानुसार एखाद्या सांध्यावर खर्ची पडणारे विभवांतर हे त्यातून वाहणारी विद्युतधारा व त्याचा रोध यांच्या गुणाकाराइतके असते. डिजिटल मल्टिमीटरचा अंतर्गत रोध साधारणतः एक कोटी ओहम इतका असतो. म्हणजे बारा व्होल्ट मोजताना तो जेमतेम एक मायक्रोअँपिअरच्या आसपास धारा घेतो. कपलर काढल्यामुळे पंपाची धारा थांबलेली असते. मार्गात अगदी शंभर ओहम रोधाचा गंजलेला सांधा असला, तरी इतक्या क्षीण धारेला तो व्होल्टचा दहा हजारावा भागच अडवील. मीटर प्रामाणिकपणे पूर्ण बारा व्होल्ट दाखवील. तो खोटे बोलत नाही. आपण त्याला चुकीचा प्रश्न विचारलेला असतो.

आता समजा, सांध्याचा रोध केवळ ०.४ ओहम आहे आणि पंप ५ अँपिअर धारा घेत आहे. तेव्हा त्या सांध्यावर २ व्होल्ट खर्ची पडतील व तेथे १० वॅट उष्णता निर्माण होईल. बोटाच्या पेराएवढ्या कपलरमध्ये दहा वॅट म्हणजे प्लॅस्टिक पिवळे पडून वितळण्यास पुरेशी उष्णता आहे. तापल्याने धातूवरील गंज वाढतो, गंजाने रोध वाढतो आणि रोधाने पुन्हा उष्णता. मीटरच्या ओहम-मापनाने हा दोष शोधू म्हटले तर तेही कठीण, कारण स्वस्त मीटरच्या दोन वायरींचाच रोध काही दशांश ओहम भरतो. शिवाय सांधा गार असताना व तापलेला असताना त्याचा रोध भिन्न असू शकतो.

पंपाला मिळणारे विभवांतर घटले की त्याची गती घटते. उपलब्ध शक्तीचा बराचसा भाग दाब टिकविण्यातच जात असल्यामुळे पेट्रोलच्या प्रवाहातील घट विभवांतरातील घटीपेक्षा अधिक असते. इंजिन मंदगतीने चालताना पेट्रोल कमी लागते, म्हणून तेव्हा काही जाणवत नाही. चढावर मात्र उणीव उघडी पडते. ही सर्व लक्षणे झिजलेल्या पंपाचीही असल्याने गल्लत होते. नवा पंप बसवून जुनाच कपलर परत खोचला की काही दिवस गाडी चालतेही, कारण काढताना-घालताना टोके घासली जाऊन तात्पुरती स्वच्छ झालेली असतात. नंतर नव्या पंपालाही दोष दिला जातो. अनेक गाड्यांत पंप सुटा न मिळता संपूर्ण संच घ्यावा लागतो. पोटासाठी टॅक्सी चालविणाऱ्यास काही हजार रुपये आणि दोन-तीन दिवसांची कमाई असा दुहेरी फटका बसतो, तोही काही रुपयांच्या टर्मिनलपायी.

योग्य मोजणी

मोजणी पंप चालू असताना आणि कपलर जोडलेला असतानाच करावयाची, हे सूत्र एकदा पटले की उरलेले काम सोपे आहे. इंजिन चालत असेल तर उत्तमच. कपलरच्या मागील बाजूने, तार जेथे शिरते तेथून, बारीक पिन आत सरकवून टोकाला स्पर्श करावा. प्रथम बॅटरीवरील विभवांतर घ्यावे, मग पंपाच्या दोन टोकांमधील. समजा बॅटरीवर १३.८ व पंपावर ११.४ व्होल्ट आले, तर २.४ व्होल्ट वाटेत हरवले आहेत. ते कोठे हरवले, हा पुढचा प्रश्न.

त्यासाठी मीटरची एक वायर बॅटरीच्या धन टोकावर व दुसरी पंपाच्या धन टोकावर ठेवावी. येणारा आकडा म्हणजे जाण्याच्या मार्गातील हानी. तसेच पंपाच्या ऋण टोकापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत मोजले की परतीच्या मार्गातील हानी कळते. जाण्याच्या बाजूस अर्धा व्होल्ट आणि परतीच्या बाजूस ०.२ ते ०.३ व्होल्ट इतकी हानी सामान्यतः चालण्यासारखी मानली जाते. वरील उदाहरणात जाताना ०.३ आणि परतताना २.१ व्होल्ट आले, तर पंपही निर्दोष आणि रिलेही निर्दोष; दोष 'अर्थ'मध्ये आहे. सीटखाली किंवा डिकीत पत्र्यावर आवळलेला एक बोल्ट असतो, त्याच्या खाली रंग, गंज किंवा चिखल साठलेला सापडतो. पावसाळ्यात भिजलेला गालिचा महिनोन्महिने ओला राहतो, त्याचेही परिणाम येथेच दिसतात. दोष जाण्याच्या बाजूस असेल तर मीटरची वायर एकेक टप्पा पुढे सरकवीत जावे. ज्या सांध्याच्या अलीकडे-पलीकडे आकडा एकदम उडी घेतो, तो दोषी.

इंजिन चालतच नसेल तर रिले काढून त्याच्या खोबणीतील ३० व ८७ क्रमांकांची टोके, फ्यूज बसविलेल्या तारेने, थोडा वेळ जोडून पंप चालविता येतो. हे काम रिलेपाशी करावे, टाकीपाशी कदापि नाही. जोडताना ठिणगी पडते, ती पेट्रोलच्या वाफेपासून दूरच पडली पाहिजे.

येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवावीशी वाटते. आपल्याकडील जुने वायरमन मल्टिमीटरऐवजी दोन तारा लावलेला इंडिकेटरचा बल्ब वापरीत. शिकलेल्या मंडळींना ते मागासलेपणाचे वाटे. परंतु २१ वॅटचा बल्ब बारा व्होल्टवर सुमारे पावणेदोन अँपिअर धारा ओढतो, म्हणजे मार्गावर खराखुरा भार टाकतो. शंभर ओहमचा गंजलेला सांधा मीटरला फसवील, बल्बला फसविणार नाही. बल्ब पेटणारच नाही. ०.४ ओहमच्या सांध्यासाठी बल्बही पुरेसा सूक्ष्म नाही हे खरे, तरी कपलर काढून मीटर लावण्यापेक्षा ती पद्धत तत्त्वतः अधिक शास्त्रशुद्ध होती. आमच्या प्रयोगशाळांतून ओहमचा नियम आलेखकागदावर सिद्ध केला जातो. त्याचा हा उपयोग सांगितला जात नाही. मात्र तापलेला बल्ब फुटल्यास आग लागू शकते, म्हणून तोही उघड्या टाकीजवळ नेऊ नये.

नव्या पिढीतील काही गाड्यांत पंपाची गती कमी-अधिक करणारे स्वतंत्र नियंत्रक असते व ते वीज तुटक स्पंदांनी पुरविते. तेथे साध्या मीटरचा आकडा सरासरीचा असतो, म्हणून निर्मात्याच्या पुस्तिकेवाचून निष्कर्ष काढू नये.

बाहेरून आलेले दोष आणि दोषाचे सोंग

मूळ तारजोडणी सहसा एवढी लवकर बिघडत नाही. बिघडते ती नंतर केलेली जोडणी. चोरीच्या भीतीने पंपाच्या तारेत एक 'सिक्रेट स्विच' बसवून घेण्याची पद्धत आपल्याकडे बरीच रूढ आहे. त्यासाठी वापरलेला स्वस्त स्विच एवढी धारा सतत वाहण्यासाठी बनविलेलाच नसतो, आणि तारा नुसत्या पिळून वर टेप गुंडाळलेली असते. नागपूरच्या उन्हात टेपचा डिंक पाघळतो व सांधा उघडा पडतो. एलपीजी व सीएनजीचे संच बसवितानाही पंपाची तार कापली जाऊ शकते. असे सांधे टर्मिनल दाबून किंवा डाखून, वर उष्णतेने आकसणारी नळी चढवून नव्याने करावेत.

उन्हाने तांब्याचा रोध वाढतो म्हणून पंप मंदावतो, असेही एक स्पष्टीकरण ऐकू येते. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. वीस अंशांवरून साठ अंशांवर गेलेल्या तारेत ही वाढ सोळा टक्क्यांच्या आसपास होईल. निरोगी तारेतील अत्यल्प हानीत सोळा टक्क्यांची भर पडल्याने गाडी बंद पडत नाही. ऊन दोष निर्माण करण्यापेक्षा असलेला दोष उघड करते, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

गाडी तापल्यावर बंद पडते व निवल्यावर सुरू होते, याचे आणखी एक कारण इंजिनाची गती मोजणाऱ्या क्रँक सेन्सरमध्ये असू शकते. तापून त्याचा संकेत थांबला की संगणक पंप बंद करतो. पंप बंद असल्याचे पाहून मेकॅनिक पंपालाच कारण समजतो. प्रत्यक्षात तो परिणाम असतो. परीक्षा सोपी आहे. गाडी बंद पडलेल्या अवस्थेत किल्ली फिरवावी. दोन सेकंदांची गुणगुण येते, पण सेल्फ मारताना पंप चालत नाही, असे असेल तर पंप व त्याचा वीजमार्ग सोडून क्रँक सेन्सरकडे वळावे. गुणगुणही येत नसेल तर शोध पुन्हा रिले, कपलर व पंपाकडे न्यावा.

सुरक्षितता

पेट्रोल उणे चाळीस अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली उतरते आणि गॅरेजच्या खड्ड्यात साचून राहते. नळी सोडण्यापूर्वी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे नळीतील दाब उतरतो. त्यानंतर बॅटरीचे ऋण टोक सोडावे. काम मोकळ्या हवेत करावे, जवळ अग्निशामक असावा. पेट्रोलचा वास येत असताना कोणतीही विद्युत मोजणी करू नये. पंप बाहेर काढून, कोरडा, बॅटरीवर फिरवून पाहण्याचा प्रकार तर टाळलाच पाहिजे. पेट्रोलअभावी तो तापतो आणि सभोवती हवा असल्याने आतील ठिणगीला आता ज्वलनाची सामग्री मिळते.

पंप खरोखर दोषी असतो तेव्हा

पंपावर पूर्ण विभवांतर पोहोचत आहे आणि तरी दाब कमी आहे, असे सिद्ध झाल्यावरच पंप व फिल्टर यांचा विचार करावा. दाब मोजण्यासाठी नळीत जोडतुकडा घालून गेज लावावा लागतो. डी.सी. मोजणारा क्लॅम्प मीटर असल्यास धाराही पाहावी. घरगुती वायरमनचे अनेक क्लॅम्प मीटर केवळ ए.सी. मोजतात, ते येथे निरुपयोगी आहेत. धारा नेहमीपेक्षा जास्त असेल तर पुढील फिल्टर तुंबलेला किंवा पंप जड झालेला असण्याचा संभव अधिक. धारा कमी असेल तर पंप रिकामा फिरत असावा, म्हणजे तळची जाळी गाळाने भरलेली किंवा टाकी रिकामी. सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागतो, पण किल्ली दोन-तीनदा नुसती चालू-बंद करून मग सेल्फ मारला की गाडी लगेच सुरू होते, असे असल्यास रात्रभरात नळीतील दाब गळून जात आहे.

सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांत पेट्रोलचा काटा महिनोन्महिने तळाशी ठेवला जातो. गाडी सुरू होताना व गॅस संपल्यावर पंप त्या तळच्या पेट्रोलवर चालतो आणि पुरेसा थंड राहत नाही. पाव टाकी पेट्रोल ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. इथेनॉलविषयीही येथे सांगितले पाहिजे. ऑगस्ट २०१४ मध्ये नागपुरातच इथेनॉलवर धावणारी बस प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली होती, आणि आता देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि पेट्रोलपेक्षा वीज अधिक वाहून नेते. अशा इंधनासाठी न बनविलेल्या जुन्या गाड्यांत टाकीच्या झाकणावरील रबरी भाग व टाकीच्या आतील वीजटोके फिल्टर बदलताना आवर्जून पाहावीत.

निर्मितीतील दोषही घडतात. मारुती सुझुकीने जुलै २०२० मध्ये वॅगन-आर व बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या इंधनपंपाच्या तपासणीसाठी परत बोलाविल्या, तर मार्च २०२४ मध्ये त्याच दोन प्रकारांच्या आणखी १६,०४१ गाड्या पंपाच्या मोटरमधील संभाव्य दोषासाठी. होंडाने एप्रिल २०२१ मध्ये ७७,९५४ गाड्या बोलाविल्या; त्यांच्या पंपातील चक्र सदोष असल्याची शंका होती. अशा गाड्यांचा पंप निर्माता विनामूल्य बदलून देतो. म्हणून स्वतःच्या खर्चाने पंप घेण्यापूर्वी गाडीचा चॅसिस क्रमांक निर्मात्याच्या संकेतस्थळावर किंवा अधिकृत सेवाकेंद्रात तपासून घ्यावा. जुनी गाडी विकत घेणाऱ्यास पहिल्या मालकाच्या नावे आलेली सूचना पोहोचलेलीच नसते, त्याने तर अवश्य तपासावा.

पंप बदलला असो वा सांधा दुरुस्त केला असो, त्यानंतर पंप चालू ठेवून दोन्ही बाजूंची हानी पुन्हा मोजावी आणि ते दोन आकडे, तारखेसह, फ्यूजपेटीच्या झाकणाच्या आतील बाजूस चिकटवावेत. पुढच्या उन्हाळ्यात गाडी पुन्हा अडलीच, तर तपासणारा कोणीही असो, त्याला तुलनेसाठी आकडे हाताशी असतील.